सगळे म्हणजे किती?

केशवापूरच्या दीपश्रीला चुकीचा शब्द सोसत नाही. ती क्लासमध्ये प्रोग्रॅमिंग शिकवते, तेव्हा तिथं तर रान मोकळंच. एका प्रकारची माहिती दुसऱ्या प्रकारात नेली, म्हणजे अक्षरांचा आकडा वगैरे केला, की मुलं सरसकट 'कास्ट केलं' म्हणतात, आणि ती त्यांना पुढचं वाक्य बोलू देत नाही.

सासूबाई अंबूताईंच्या सहस्रचंद्रदर्शनाला कोणाकडून किती माणसं येणार, हे विचारायला तिनं मोबाईलवर फॉर्म केला. गेल्या गौरीच्या जेवणाला तिचा अंदाज चुकला आणि शेवटच्या पंगतीला नुसता ताकभात उरला. नातलग अजून त्याच ताकभातावर जगत होते. यंदा बेरीज संगणक करणार, असं तिनं सगळ्यांना ठणकावून सांगितलं होतं.

संगणकानं केली. एका घरचे मोठे चार, मुलं तीन, एकूण त्रेचाळीस. सगळ्या घरांचा आकडा तर स्क्रीनबाहेर गेला.

केळीची पानं आणायला निघालेला आचारी गुरुप्रसाद चहा पीत बसला होता. "अक्का, एवढी पानं अख्ख्या जिल्ह्यात नाहीत बघा."

"फॉर्ममधून आकडे अक्षरं म्हणून येतात," दीपश्री म्हणाली. "जावास्क्रिप्टनं ते मिळवले नाहीत, एकापुढे एक चिकटवले."

"मग कास्ट करा की, वहिनी," धाकटा दीर श्रीहर्ष म्हणाला. तो गोकुळ रोडच्या कारखान्यात यंत्रांसाठी सी भाषेत लिहितो.

"याला कास्ट म्हणत नाहीत. तुझ्या सीमध्ये अक्षरांची ओळ कास्ट केलीस तर ती मेमरीत कुठं राहते तो पत्ता मिळतो. पंगतीला पत्ते वाढू?"

"आणि पायथॉनमध्ये?"

"तिथं जुन्यावरून नवा आकडाच घडवतात. कन्व्हर्जन. जावात कास्ट आहे, पण तिथल्या वस्तूंचं, म्हणजे ऑब्जेक्टचं, म्हणशील तर नात्यातल्या नात्यात. आणि न विचारता भाषाच परस्पर बदल करते, ते कोअर्शन."

"न विचारता बदल करणारे आपल्या घरात पुष्कळ आहेत," अंबूताई आतून म्हणाल्या. "गुरुप्रसादचा चहा संपला. आकडा द्या."

दीपश्रीनं अक्षरांचे आकडे करून घेतले. आता उत्तर आलं: हा आकडाच नाही. कारण मळमड्डीच्या बाळाचार्यांनी, आणि त्यांच्यासारख्या आणखी वडीलधाऱ्यांनी, संख्येच्या जागी लिहिलं होतं, 'सगळे'.

तिनं बाळाचार्यांना फोन लावला. "अप्पा, सगळे म्हणजे किती जण?"

"जेवायला येणारी माणसं मोजू नयेत, दीपश्री. तुझ्या माहेरी मोजत होते का?"

ती वाद घालणारच होती. तेवढ्यात गुरुप्रसादनं चपला घातल्या. तिनं वाद सोडून दिला. "बरं अप्पा, पानं किती मांडू?"

"हां, असं विचार की. आठ मांड. धाकटी आईच्याच पानात जेवेल."

तिनं फॉर्ममधला प्रश्नच बदलला आणि बाकीच्यांना फोन केले. कोणीही अडखळलं नाही.

"माणसांची पानं केलीत," श्रीहर्ष म्हणाला. "हे कास्ट की कन्व्हर्जन?"

"कन्व्हर्जन. आणि त्यात धाकटी गळाली."

गुरुप्रसाद आकडा घेऊन फाटकापर्यंत पोचला होता. तिनं त्याला हाक मारली. "आईच्या पानात बसणाऱ्या पोरांची आणखी वीस पानं धर रे."

कार्याच्या दिवशी बाळाचार्यांची धाकटी नात आईच्या पानाकडे बघेना. तिला स्वतःचं पान हवं होतं, वर लाडूही अख्खा. दीपश्रीनं दोन्ही वाढलं, आणि ताकभाताचा विषय कोणी काढला नाही.