वन्संची मराठी मेल

लग्न होऊन मी अंथुर्ण्याहून जळोचीला आले, तेव्हा माहेरच्या भांड्यांबरोबर टेम्पोत माझा कॉम्प्युटरही होता. बारामतीतल्या एका क्लासमध्ये मी शिकवायची. तिथल्या पगारातून घेतलेला, तोही कुणीतरी वापरून काढलेला. नव्वदचं दशक संपत आलं होतं. बारामतीची घरं सरकत सरकत जळोचीकडं येत होती, पण आमच्या घराच्या तिन्ही बाजूंना अजून मका आणि ऊसच होता. शेजारच्या बायका बघायला आल्या, तेव्हा सासूबाईंनी त्यांना सांगितलं, "आमच्या सुनंचा हाय. टीव्ही न्हाय त्यो. त्याच्यावर ती काम करती."

सासूबाईंना मी आत्या म्हणायची आणि सासऱ्यांना मामा. मामांचे वडील मेंढरं घेऊन दर साली कोकणात उतरायचे. मामांनी मेंढरं विकून शेती धरली. त्यांची मुलगी, माझी नणंद, जनावरांची डॉक्टर झाली आणि शिष्यवृत्ती मिळवून परदेशात गेली, तीही मेंढ्यांच्याच रोगांवर संशोधन करायला. मामा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "आमी मेंढरं सोडली, पन पोरीनं त्यांचा माग न्हाय सोडला."

परदेशातला फोन कधीतरी सणासुदीला यायचा. एरवी वन्संची खुशाली कळायची ती मेलमधून. तेव्हा मराठी मेल ही सोपी गोष्ट नव्हती. दोन्हीकडच्या कॉम्प्युटरवर एकच मराठी फॉन्ट लागायचा आणि मेलचा प्रोग्रॅमही तो फॉन्ट दाखवणारा लागायचा. माझ्याकडचा प्रोग्रॅम जुना होता, पण त्यात मराठी अक्षरं नीट उमटायची आणि हवी तेवढी मोठी करता यायची. वन्सं परदेशात जाण्याआधी आम्ही दोघींनी बसून ते सगळं जमवलं होतं. त्याचं कारण आत्या. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या. मेल आली की खुर्चीत बसायच्या, पडद्याजवळ बोट धरायच्या आणि ओठ हलवत लेकीचं लिहिणं स्वतः वाचायच्या. मी मदतीला तोंड उघडलं की म्हणायच्या, "गप. मला वाचू दे."

अडचण फोनच्या तारेची होती. उसाच्या ट्रॉलीला अडकून ती तुटायची, कुणी पाइपलाइनसाठी चर खणला की त्यात सापडायची. एकदा तुटली की जोडायला माणूस कधी येईल याचा नेम नसायचा. शेवटी माझ्या मिस्टरांनी एका नव्या कंपनीचा बिनतारी फोन घेतला. त्याच्यावर इंटरनेटही चालणार होतं. कंपनीचा माणूस आला, छतावर लोखंडी नळी उभी केली, तिच्या टोकाला एक चपटी डबी बसवली आणि तिचं तोंड बारामतीतल्या टॉवरकडं केलं. डबीतून एक वायर घरात आली. मामा अंगणातून सगळं निरखत होते. "म्हंजी हितनं तितपत्तूर तारच न्हाय?" त्यांनी दोनदा विचारलं. माणसानं कॉम्प्युटरवर एक वेबसाइट उघडून दाखवली, चहा घेतला आणि तो गेला.

संध्याकाळी आत्यांनी हात धुऊन खुर्ची ओढली. मी मेलचा प्रोग्रॅम उघडला. त्यानं नेहमीसारखा नंबर फिरवायला घेतला आणि थांबला. डायल टोन नाही, असं इंग्रजीत आलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. वेबसाइट मात्र उघडत होत्या.

सकाळी मी त्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, तो प्रोग्रॅम फार जुना झाला. काढून टाका. वेबसाइटवर जाऊन मेल बघा, तिथं सगळं दिसतं."

तसं करून बघितलं. वन्संची मेल आलेली होती, पण मराठीचा पत्ता नव्हता. इंग्रजी अक्षरं, टिंबं, कंस, उलटेसुलटे स्वल्पविराम, असा नुसता पाचोळा. आत्यांनी पडद्याजवळ बोट धरलं. मग हळूच म्हणाल्या, "हे काय लिवलंय तिनं? बरी हाय न्हवं ती?"

मी त्यांना समजावलं की लिहिलंय ते नीटच आहे, दाखवणारा चुकतोय. त्यांना ते पटलं की नाही कोण जाणे. पण त्या दिवशी त्यांनी दुपारी जेवायला नको म्हटलं, आणि मी ठरवलं की हा प्रोग्रॅम काढायचा नाही, चालू करायचा.

मिस्टर साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते आणि गळीत हंगाम ऐन भरात होता. ते घरी यायचे ते झोपायलाच. म्हणाले, "तुला त्यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. कर तूच." क्लासमध्ये मी मुलांना टायपिंग आणि हिशेबाचे तक्ते शिकवलेले. आतली दुरुस्ती कधी केली नव्हती. तरी बसले. प्रोग्रॅममधली एकेक खिडकी उघडून वाचायला लागले. एका ठिकाणी सापडलं: जोडणी कशी करायची? तिथं 'फोन फिरवून' असं निवडलेलं होतं. जुन्या तारेच्या वेळचं. आता फिरवायला नंबरच नव्हता, इंटरनेट आधीच जोडलेलं होतं, आणि हा बिचारा अजून तुटलेल्या तारेवर कान लावून बसला होता. मी 'नेटवर्कवरून' निवडलं आणि मेल मागवली.

खाली पट्टी सरकायला लागली. मेल आली, मराठीत, मोठ्या अक्षरांत. मी हाक मारली तशा आत्या पिठाच्या हातांनीच आल्या. बोट पडद्यापासून लांब धरून त्यांनी वाचलं. वन्संकडं बर्फ पडत होता आणि त्यांनी बाजरीची भाकरी करून बघितली होती, ती थापताना मोडली होती. आत्या म्हणाल्या, "गार पानी घेतलं आसंल. कडत पानी घ्यावं लागतं. लिही तिला."

मी लिहिलं आणि पाठवलं. गेलं नाही. परत इंग्रजीत काहीतरी आलं. पुन्हा पाठवलं, पुन्हा तसंच. येणारी मेल येत होती आणि जाणारी अडकत होती. ते इंग्रजी वाक्य मी कागदावर उतरवून घेतलं आणि शब्दकोश घेऊन बसले. अर्थ एवढाच निघाला की, तुमची मेल आम्ही पुढं पोचवणार नाही. कोण पोचवणार नाही? मी पुन्हा त्या खिडक्या उघडल्या. तेव्हा ध्यानात आलं की येणाऱ्या मेलचा पत्ता वेगळा असतो आणि जाणाऱ्या मेलचा वेगळा. जाणारी मेल अजून जुन्या कंपनीच्या दारात जात होती. ती कंपनी फक्त आपल्या तारेवरून आलेल्यांचीच मेल घेत असणार. आपण आता दुसऱ्या दारातून बाहेर पडतोय, तर मेलही त्याच दारातून गेली पाहिजे. मला त्या नव्या दाराचं नाव हवं होतं.

फोनवर कुणाला ते सांगता येईना, म्हणून दुसऱ्या दिवशी मी बारामतीला कंपनीच्या ऑफिसात गेले. काउंटरवरच्या गृहस्थांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, हे जरा टेक्निकल आहे. मिस्टरांना पाठवा."

"मिस्टरांना यातलं माहीत नाही," मी म्हटलं. "मला माहीत आहे. तुमच्या जाणाऱ्या मेलच्या सर्व्हरचं नाव तेवढं हवंय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग आत गेले. बऱ्याच वेळानं एक इंजिनिअर बाहेर आला. त्यानं मला काय काय केलं ते विचारलं, मी सांगितलं. "बरोबर आहे तुमचं," एवढंच म्हणून त्यानं चिठ्ठीवर नाव लिहून दिलं. ते 'बरोबर आहे' ऐकून मी स्टँडपर्यंत कशी चालत आले ते मला आठवत नाही. शाळेत पहिल्या आलेल्या पोरीसारखी आले असेन.

घरी आल्यावर साडीही न बदलता बसले. नाव टाइप केलं. गेलं नाही. मग अक्षर न् अक्षर चिठ्ठीशी ताडून बघितलं, तर एका टिंबाच्या जागी मी स्वल्पविराम मारला होता. तो बदलला. आधी मेल माझी मलाच पाठवली. गेली, आणि थोड्याच वेळात आलीही. मग वन्संना लिहिलेली, अडकून पडलेली मेल पाठवली आणि तेव्हा कुठं आत्यांना बोलावलं.

"गेलं का कडत पान्याचं?" त्यांनी विचारलं.

"गेलं."

मामा दारात उभे होते. ते बाहेर गेले. मला वाटलं, रानात गेले. संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या आणि म्हणाल्या, "तुजं मामा चावडीपाशी सांगत हुते. कंपनीच्या मानसाला जमलं न्हाय, ते आमच्या सुनंनं केलं." मामांनी मला तोंडावर कधी शाबासकी दिली नाही. ती मला अशीच, दुसऱ्याच्या तोंडून मिळायची, आणि त्यामुळं जास्तच गोड लागायची.

वन्संचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. भाकरी जमली होती. आत्यांनी ते वाचलं, परत वाचलं, आणि मला म्हणाल्या, "आता मी सांगती तसं लिही." मी बोटं ठेवून तयार झाले.

"लिही, आपली मेल बंद पडली हुती. मानूस म्हनला, फेकून द्या. तुजी वहिनी बारामतीला एकली गेली आन् साहेबाकडनं नाव घिऊन आली. आता समदं चालू हाय. तिला लई कळतं."

मी थांबले. "आत्या, माझ्याच हातानं माझं कौतुक कसं लिहू? बरं दिसत नाही."

"माझी मेल हाय," त्या म्हणाल्या. "मी सांगतीय ते लिही. आन् 'लई कळतं' ह्ये जरा मोठ्या अक्षरात घाल."

मी घातलं.