दार वाजवायला निमित्त

समोरच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहणाऱ्या काकू सकाळपासून बेल वाजवत होत्या. आधी विरजण हवं होतं, मग कढीपत्ता, मग पाणी कधी जाणार ते विचारायचं होतं. दर वेळी मी लॅपटॉपवरून उठायची, दाराच्या भिंगातून बघायची, साखळी काढायची, आणि काम मात्र एका वाक्याचं.

दार लावता लावता मला हसूच आलं. माझी स्क्रिप्टही, म्हणजे कामासाठी लिहिलेला छोटा प्रोग्रॅम, हेच तर करत होती! गावोगावच्या सर्व्हरची खुशाली विचारायला मी ती लिहिलेली. ती एकेका सर्व्हरच्या आत शिरायची, डिस्कवर जागा किती उरलीय विचारायची आणि बाहेर पडायची. पुन्हा दार वाजवून, पुन्हा ओळख पटवून, बॅकअप झाला का विचारायची. सगळा वेळ उंबरठ्यावरच जायचा आणि अहवालाला उशीर झाला की बोलणी मला.

मी सगळे प्रश्न एकत्र बांधले. एकदाच आत जायचं, काय ते विचारायचं, निघायचं. चहा निवायच्या आत अहवाल तयार! कितीतरी दिवसांनी मी खुर्चीत मागे रेलले.

तेवढ्यात बेल वाजली. "काकू, काय काय हवंय ते एकदमच सांगत जा ना," मी खुशीत म्हणाले.

"एकदम सांगितलं तर परत कशाच्या निमित्तानं येऊ गं?"

स्क्रिप्टला सोबत लागत नाही. मी दार सताड उघडलं. चहा अजून गरम होता, तो दोन कपांत ओतला.