घाटनांदूरच्या संसदेत चंद्र कोणाचा?

भाची एका दिवसापुरती का होईना अंतराळमंत्री होणार म्हटल्यावर आत्याने पुण्यात बसून राहणं बरं दिसलं नसतं. घाटनांदूरच्या कॉलेजात युवा संसद होती आणि विषय होता देशाचं अवकाश धोरण. विधेयक रेखाने लिहिलं होतं. ते मंजूर व्हावं म्हणून आठवडाभर तिने फोनवर माझं डोकं खाल्लं होतं.

तुम्हाला जायचं असेल तर सकाळची एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट, केजला चहा बरा मिळतो, अंबाजोगाईला गाडी बदलायची. पुढे हाडं खिळखिळी होतात, पण दोन्हीकडची ज्वारी बघताना कुरकुर विसरायला होते. वहिनीने भाकरी, ठेचा आणि घट्ट दही वाढलं. दादा मेंढरं लवकर कोंडून, धुतलेला पटका बांधून तयारच होता.

सभागृहात रेखा ताठ उभी राहिली. पावसाचा अंदाज देणारे उपग्रह आधी, अवकाशात शस्त्रं नाहीत आणि चंद्रावर कुणाचीच मालकी नाही, ही तिची उद्दिष्टं. पहिल्या दोन्हींना टाळ्या पडल्या. तिसऱ्याला विरोधी पक्षनेता उठला. गावातल्या मोठ्या बागायतदाराचा मुलगा.

“चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडं पहिले आपण उतरलो. मग ती जागा आपली, असं लिवायला काय हरकत हाय?”

हॉल दणाणला. त्यात मागून आमचा दादाच ओरडला, “बराबर हाय! आधी येईल त्याचं!”

आता विधेयक पडणार. रेखा थेट बापाकडे वळली.

“अप्पा, परवा लांबच्या नांदूरघाटहून आलेल्या मेंढक्यांना तुमी तलावावरून हाकललं. आपण आधी गेलतो म्हून. त्यांची मेंढरं तहानलेली परत गेली. ते चूक व्हतं. चंद्रावर बी चूकच हाय.”

कुणी हसलं नाही. हात वर झाले आणि विधेयक थोड्या मतांच्या फरकाने मंजूर झालं. मला रडू आलं, मी ते लपवलंही नाही. दादा मात्र आमच्यासाठी न थांबता एकटाच पुढे घरी निघून गेला. रेखाचा जिंकल्याचा आनंद पार उतरून गेला. रात्री ती नीट जेवलीही नाही.

सकाळी मी दादा आणि रेखाबरोबर तलावावर गेले. नांदूरघाटचे दोघं मेंढके लांबच थांबले होते. दादाने त्यांच्याकडे पाहिलं, थोडा घुटमळला आणि आपली मेंढरं एका अंगाला घेऊ लागला.

“या की रं! लांब कशाला उभे? पुरंल सगळ्यांला.”

काठी घेऊन रेखा बापाच्या मदतीला धावली.

पुण्यात परतून आठवडा झाला. खरं धोरण दिल्लीत ठरतं आणि तिथे घाटनांदूरला कुणी विचारत नाही, एवढं मला कळतं. तरी हल्ली कुठल्याही देशाच्या चांद्रमोहिमेची बातमी वाचताना मागून येणाऱ्यांचं काय ठरलंय, तेच मी आधी शोधते. आमच्या हट्टी दादाला एक रात्र पुरली, तर या मोठमोठ्या देशांनाही कधीतरी उमजेल, असं मला मनापासून वाटतं.