मोठ्याने वाचलेला पंचनामा

ती बंदूक आजही आठवते आणि माझी मान खाली जाते. नोकरीत शाबासकी मिळाली ती कामं लोकांना ऐकायची असतात. हेही त्यातलंच एक.

पन्नास सालानंतरचा काळ. मी चौथी शिकलेली, पोलिसात नवी शिपाई. चाकणजवळच्या एका गावातून खबर आली की एका विधवेच्या घरात बिनपरवाना बंदूक आहे. परवाना नवऱ्याच्या नावे होता. तो वारल्यावर बंदूक ठाण्यात जमा व्हायला हवी होती. खबर देणारा तिचा सख्खा दीर. त्याचा यात काय फायदा, हे आम्ही कोणी विचारलं नाही.

घरात बाईमाणूस, म्हणून झडतीला फौजदारांनी मला नेलं. त्यांनी तीनदा दरडावलं. "न्हाई," एवढंच ती म्हणाली. मग मी त्यांना बाहेर बसवलं, चुलीपाशी बसले आणि तिनं दिलेली भाकरी खाल्ली.

"कशाला ठेवलीस गं?"

"रोज सांजच्याला ओट्यावर बसून पुसती. समद्यांनी बगावं म्हनून. रान माज्या नावचं हाय, पोरी ल्हान हायेत."

"कुणाची भीती?"

तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं.

"अगं, आता आम्ही आहोत ना!"

तिची नजर कणगीकडे गेली. ज्वारीत हात घातला तर लोखंड लागलं.

पंचनामा ओट्यावर झाला. गाव जमलेलं, दीर सगळ्यांत पुढे. लिहिलेलं पंचांना वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. तिनं माझं मनगट धरलं.

"अक्का, बंदुकीच्या घोड्याचं तेवढं मोठ्यांदा वाचू नगा."

"सरकारी कागद आहे. गाळता येत नाही."

पंच दोनच होते. त्यांना आत बोलावून वाचता आलं असतं. पण वाचता येतं याचा मला तोरा होता. खणखणीत वाचलं: "घोडा मोडका. बंदुकीतून बार उडत नाही."

"वैनी, ह्यानं कावळा तरी उडंल का?" दीर म्हणाला. लोक हसले. मीही हसले.

कोर्टानं तिला समज देऊन सोडलं. महिन्याच्या आत ती ठाण्यात आली. दिरानं तिच्या रानात नांगर घातला होता, घराला आपलं कुलूप लावलं होतं. घरगुती तंटा, दिवाणीत जा, असं आम्ही सांगितलं. जाताना ती माझ्यापाशी थांबली.

"उडत न्हाई ह्ये मला ठावं व्हतं, अक्का. त्येला ठावं नव्हतं. तुमी सांगितलंत."

घरोघरी बंदुका असाव्यात असं मी म्हणत नाही. गोळीनं मेलेली माणसं मी पाहिली आहेत. पण कोणाच्या हातातला धाक काढून घेतला, तर त्या जागी आपण उभं राहायला हवं. आमचं ठाणं तिथून चार कोसांवर होतं, आणि ती चार कोस चालून आली तरी आम्ही उभे राहिलो नाही.

पुढे पिंपरीला एका कारखान्याच्या बांधकामावर ती घमेली वाहताना दिसली. तिनं मला पाहिलं. मी गणवेशात होते. हाक न मारता मी दुसऱ्या वाटेनं गेले.