उजेडाने सुटणारा साचा

जपानच्या आरिआके समुद्राच्या काठी एगाशिरांचं घर. पिढ्यान् पिढ्या नोरी पिकवणारी माणसं ती. उथळ पाण्यात खांब रोवायचे, त्यांवर जाळी ताणायची, जाळ्यांवर शेवाळ वाढलं की कापून कागदासारखं पातळ वाळवायचं. पण थोरला केंगो शाळा संपताच हाकाताला गेला आणि बुळबुळीत वाम मासे भाजणाऱ्या एका जुन्या खाणावळीत शिकाऊ म्हणून राहिला. धाकट्या मिसाओला फुकुओकाच्या विद्यापीठात रसायनशास्त्राला जागा मिळाली. वडील म्हणाले, "दोघंही गेले. आता बोटीवर मी आणि बगळे."

मिसाओ शेवटच्या वर्षाला उशिजिमा सेन्सेईंच्या, म्हणजे तिच्या सरांच्या, प्रयोगशाळेत लागली. तिथे वीज वाहून नेणाऱ्या प्लास्टिकवर काम चाले. त्याच शरदात एका जपानी शास्त्रज्ञाला अशा प्लास्टिकसाठी जगातला सर्वांत मोठा मान मिळाला होता, त्यामुळे ते नाव घरोघरी पोचलेलं. आईने फोनवर विचारलं, "काय गं, मग बाजारातल्या पिशवीतूनही वीज जाते का? मी ओल्या हाताने धरते हो!"

त्या हिवाळ्यात आरिआकेची नोरी फिकी पडली. काळ्याभोर पिकाच्या जागी पिवळट चिंध्या लोंबू लागल्या. जाळीच्या जाळी फुकट गेली. त्यातच वडील ओल्या फळीवरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडून बसले. मिसाओ बॅग भरून घरी आली.

"मी शिक्षण सोडते," तिने जेवताना सांगितलं. "बोट मी चालवीन."

केंगोही तेवढ्यापुरता आला होता. त्याने वाटीतून तोंड वर केलं. "तू? सायकल चालवताना कालव्यात पडतेस तू. अख्खी बोट तुझ्या हाती द्यायची?"

"एकदाच पडले होते, दादा."

"आम्ही बघितलं तेवढं एकदाच. बोट मी चालवणार. तू उद्या परत जा."

"आणि खाणावळ? मालक तुला भट्टीवर उभं करणार होते ना यंदा?"

"भट्टी कुठे जाते? आणि वाम काय पळून जाते?"

"जाते तर," आई शांतपणे म्हणाली. "हातातून सुटली की जातेच."

मग आतल्या खोलीतून, अंथरुणावर पडल्या पडल्या, वडील हसायला लागले, आणि हसता हसता कळ आली म्हणून ओरडले. त्या गडबडीत निर्णय झाला तो झालाच. दुसऱ्या दिवशी केंगोने मिसाओची बॅग स्वतः उचलून स्टेशनवर नेली. वाटेत तो एवढंच म्हणाला, "नीट शिक. नाहीतर मी भांडायला येईन."

मिसाओ परतली ती ओझं घेऊनच. वर्षभर तिने घरी फोन केला की पहिला प्रश्न हवामानाचा असे आणि दुसरा विचारायची हिंमत होत नसे.

काम मात्र तिला धरून ठेवणारं होतं. काही रेणू असे असतात की गरम द्रवात विरघळवून थंड होऊ दिले की आपले आपणच एकमेकांना बिलगतात आणि केसाहून कितीतरी बारीक धागे तयार होतात. कुणी विणावं लागत नाही. भांड्यातला द्रव जेलीसारखा थिजतो. त्या धाग्यांभोवती वीजवाहक प्लास्टिक वाढवलं की ते धाग्याचा आकार घेतं. धागा म्हणजे साचा. मग आतला साचा काढून घेतला की पोकळ नळी उरते. पण साचा काढायचा कसा? गरम द्रवाने धुवून काढायला गेलं की नाजूक नळ्या चेपायच्या.

सेन्सेईंनी मिसाओला तोच प्रश्न दिला. काही रेणू अतिनील प्रकाश पडला की काटकोनात वाकतात. असा रेणू साच्यात गुंफला, तर उजेड पाडताच धाग्यातले रेणू एकमेकांचे हात सोडतील आणि साचा विरघळून वाहून जाईल, अशी कल्पना. कागदावर सोपी होती. प्रत्यक्षात प्लास्टिकचा लेप काळाकुट्ट. तो सगळा उजेड स्वतःच पिऊन टाकी, आत काही पोचतच नसे.

"छत्री उघडून ऊन शेकायला बसलो आहोत आपण," सेन्सेई डोकं खाजवत म्हणाले. "मला उत्तर माहीत नाही, एगाशिरा-सान. माहीत असतं तर मीच नसतं का केलं?"

तिला ते बोलणं फार आवडलं. पुढची वर्षं दोघांनी मिळून चुकत चुकत काढली. शेवटी ठरलं की लेप अगदी पातळ ठेवायचा, आणि रेणूच असा घडवायचा की जरासा उजेड पोचला तरी त्याने हात सोडावा. तो रेणू घडवायला मिसाओला अख्खा हिवाळा लागला. नारिंगी भुकटी, एका कुपीच्या तळाशी मावेल एवढी.

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी फुकुओका हादरलं. भूकंप म्हणजे दुसरीकडचा, असं मानणारं ते शहर. मिसाओ धावत प्रयोगशाळेत पोचली तेव्हा कपाटं आडवी झालेली, फरशीभर काचा, आणि त्या काचांत, सांडलेल्या द्रवांत मिसळलेला नारिंगी डाग.

माणसं सगळी सुखरूप होती. ते कळल्यावर, आणि ते कळल्यामुळेच, ती जिन्यात बसून रडली.

दुसऱ्या दिवशी दारात केंगो उभा. पायात रबरी बूट, हातात जाळी ओढायचे जाड हातमोजे, पाठीवर खराटा. नोरीचा हंगाम संपत आला होता, तरी संपला नव्हता.

"दादा! जाळी कोण बघतंय?"

"बाबा काठी टेकत शेजाऱ्याला शिव्या देताहेत, शेजारी बघतोय. ही आईची ओनिगिरी. आधी खा."

घरच्या नोरीत गुंडाळलेले ते भाताचे गोळे सगळ्यांनी उभ्याउभ्या खाल्ले, सेन्सेईंनीसुद्धा. मग केंगोने दिवसभर काचा गोळा केल्या. नारिंगी डागापाशी तो थांबला.

"हे काय होतं?"

"माझा हिवाळा."

तो खाली बसला. "कसं करायचं ते विसरलीस का?"

"नाही."

"हात शाबूत आहेत?"

"आहेत."

"मग झालं. आम्ही दर शरदात कोरी जाळी टाकतो. मागल्या वर्षीचं पीक काही त्यांना चिकटून राहिलेलं नसतं. त्यातून त्या वर्षी तर काहीच आलं नाही. तरी पुढच्या शरदात टाकलीच ना?" मग उठत म्हणाला, "बाजूला हो, काच लागेल."

शेजारच्या प्रयोगशाळेने भट्टी वापरू दिली. कुणी काचेची भांडी दिली, कुणी उपकरणावरची आपली पाळी सोडली. रेणू दुसऱ्यांदा घडवायला पहिल्याच्या निम्माही वेळ लागला नाही; आडवाटा सगळ्या आधीच चालून झालेल्या. पावसाळा सरता सरता तिने पातळ लेपावर उजेड पाडला, नमुना हळूच धुतला, आणि सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर पोकळ नळ्या दिसल्या, तोंडं उघडी असलेल्या, न चेपलेल्या. त्यांच्यातून वीज गेली. सेन्सेईंनी तिच्यापुढे कमरेतून वाकून नमस्कार केला. ती इतकी गोंधळली की त्यांच्याहून खाली वाकायला गेली आणि टेबलावर कपाळ आपटून घेतलं.

तिच्या प्रबंधाच्या भाषणाला केंगो आला. अंगात डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारा सूट. भाषणातलं त्याला काही कळलं नाही, पण पूर्ण वेळ ताठ बसला. नंतर मिसाओने त्याला प्रयोगशाळेत नेऊन नुसत्या धाग्यांची, लेप न दिलेली जेली दाखवली. बाटली उलटी केली तरी पडेना. मग तिने त्याच्याच हातात अतिनील दिवा दिला. थोड्या वेळाने जेली सैल झाली आणि काचेवरून ओघळली.

"अरे! पाणीच झालं की!" तो लहान मुलासारखा ओरडला. "पुन्हा थिजव बघू."

आज मिसाओ कुरुमेच्या तंत्रशाळेत शिकवते. तिच्या नळ्यांतून कुठलं मोठं यंत्र निघालं नाही. त्या वाटेने पुढे गेलेल्या इतरांच्या कामात त्यांचा एका पायरीएवढा वाटा आहे, आणि ती त्यात सुखी आहे. दर शरदात जाळी टाकायच्या दिवसांत ती रजा काढून घरी जाते. एकदा बोटीवर, दोघं जाळ्याची दोन टोकं धरून उभी असताना, तिने इतक्या वर्षांचं विचारून टाकलं.

"दादा, खाणावळ आवडायची ना तुला?"

"फार," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू?"

"मी तुझे उपकार कसे..."

"थांब. पहिलं वर्ष मी तुझ्यासाठी काढलं. दुसऱ्या वर्षी पीक आलं. पहाटे जाळं उचललं तर काळंभोर, जड, हातांना पेलेना. त्या दिवसापासून मी माझ्यासाठीच येतो इथे. सांगायचं राहून गेलं."

"इतकी वर्षं?"

"तू दरवेळी हवामानच विचारायचीस!"

ती हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. तरी वाकून म्हणालीच, "दादा, त्या पहिल्या वर्षासाठी. आणि खराट्यासाठी." भरतीचं पाणी बोटीला लागत होतं. केंगोने मान हलवली, कान लाल झालेले, आणि म्हणाला, "बरं बरं. टोक घट्ट धर, जाळं खाली चाललंय."