नंबरावरचं हळदकुंकू

नागपुरातून कुठूनही निघा, समुद्र लांबच. तरी माझा दिवस जहाजांत जातो. मिहानमधल्या एका कचेरीत बसून मी परदेशी विमा कंपन्यांसाठी तेलवाहू जहाजं तपासते. निर्बंध असलेल्या देशाचं तेल चोरून नेणारं जहाज नाव बदलतं, झेंडा बदलतं, ठावठिकाणा सांगणारं यंत्र बंद करतं. बदलत नाही तो एक सात आकडी नंबर. तो बाहेर रंगवलेला असतो आणि आत इंजिनरूमच्या भिंतीवर उठवलेला. बाहेरचा पुसता येतो.

माझा धाकटा भाऊ तेलवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये कामाला आहे. या जहाजावर तो एजंटामार्फत चढला, तेव्हा मी नाव विचारलं. तो हसत म्हणाला, नावाचं काय, दोनदा बदललंय. यावर माझ्यासारखीनं नंबर विचारायला हवा होता. मी विचारला नाही. झाकली मूठ बरी वाटली.

गेल्या दसऱ्याला आईनं त्याला फोनवर दम भरला, की ज्या मशीनवर पोट भरतं तिला हळदकुंकू लागलंच पाहिजे. आमच्या जरीपटका भागातल्या घरात त्या दिवशी मिक्सरसुद्धा सुटत नाही. इंजिन तापलेलं होतं, बोट टेकवायची सोय नव्हती. म्हणून त्यानं शेजारच्या भिंतीवरच्या नंबरालाच हळदकुंकू लावलं, झेंडूऐवजी नारिंगी दोरीची माळ घातली आणि फोटो पाठवला. आईनं तो कौतुकानं नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. मी सवयीनं नंबर वाचला. त्याच नंबराची फाईल तीन आठवडे माझ्याकडे होती. कागदोपत्री ते जहाज कधीच भंगारात गेलं होतं.

मी त्याला फोन करून सगळं सांगितलं आणि पहिल्या बंदरात उतर म्हटलं.

“पासपोर्ट कप्तानापाशी हाये, ताई. मधातच कसा उतरू? दोनच महिने राहिले. तू रिपोर्ट लिहू नको वं.”

चार दिवस मी फाईल उघडून नुसती बसले. पाचव्या दिवशी अहवाल पाठवला. त्यात फोटो नव्हता; उपग्रहाची चित्रं पुरेशी होती. असल्या जुनाट, विमा नसलेल्या जहाजावरून तो लवकर सुटावा म्हणून लिहिलं, असं मी मनाला समजावलं. खरं तर मी घाबरले होते. तो फोटो कचेरीत कुणी पाहिला असता तर भावासाठी फाईल दाबली असं ठरून माझी नोकरी गेली असती. मला याची लाज वाटते.

जहाज काळ्या यादीत गेलं. तेव्हापासून ते एका बंदराबाहेर नांगर टाकून उभं आहे. बंदर आत घेत नाही, मालक सापडत नाही, आणि जहाज रिकामं सोडता येत नाही म्हणून खलाशांना उतरू देत नाहीत. भाऊ माझा फोन उचलत नाही. आईशी बोलतो, पण माझ्या अहवालाबद्दल तिला त्यानं काही सांगितलेलं नाही.

यंदाच्या दसऱ्याला आईनं पाटावर त्याचा जुना पान्यांचा डबा मांडला आणि माझा लॅपटॉप मागितला. त्यावर मी तिला रोज जहाज दाखवते, तिथल्या तिथे उभं असलेलं. तिनं त्याला कुंकवाचं बोट टेकवलं.

“मले तं वाटते, यानंच तो घरी येईन,” ती म्हणाली. “तू त्याच्यासाठी किती करून राहिली. त्याले सांगीन मी.”

सांगू नकोस, मी म्हटलं. तिला तो माझा मोठेपणा वाटला.