साडूंचं हिरवं पाणी

मातीबद्दल माझ्या थोरल्या साडूंइतकं बोललेला माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात झाला नाही, आणि स्वतःच्या मातीबद्दल त्यांच्याइतका अडाणी राहिलेलाही झाला नाही. एका माती तपासणीच्या प्रयोगशाळेत त्यांनी तीस वर्षं काढली होती. लग्नाला गेले की लोक नवरीचे दागिने बघत, हे मांडवाच्या खांबाशी वाकून चिमूटभर माती उचलत, बोटांत चोळत, हुंगत, आणि कुणी कौतुकानं बघतंय असं वाटलं तर जिभेलाही लावत. मग निकाल लागे, "नत्र कमी हाये." माझ्या लग्नात त्यांनी हे ऐन मंगलाष्टकांत केलं. माझे सासरे पुढची दहा मिनिटं नवरदेव सोडून जमिनीकडेच संशयानं बघत होते.

ती कापसाची वाईट वर्षं होती. बोंडं भरत नव्हती, भरली तर भाव नसे, आणि शहरांतून जीपगाड्या भरभरून सल्ले येत. कुणी म्हणे कोरफड लावा, कुणी म्हणे ससे पाळा. साडूंनी या सगळ्या विद्वानांवर मात केली. निवृत्त होताच त्यांनी मुकुटबनजवळचं, ताईंच्या म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीच्या वाट्याला आलेलं शेत निवडलं, उभा कापूस मोडून तिथं तळं खोदलं आणि त्यात रोहू-कटला माशांची बोटाएवढी पिल्लं सोडली. आता साडू इतके कट्टर शाकाहारी, की शेजारच्यानं डब्यातून उकडलेलं अंडं काढलं तर एसटीत जागा बदलत. "खायचे नाई, फक्त वाढवायचे," असं त्यांचं धोरण होतं. मासा त्यांनी कधी हातात धरला नाही. एखादा तपासायचाच झाला तर दोन काड्यांनी उलटा करीत आणि त्याची क्षमा मागत.

तळ्याकाठी त्यांचं व्याख्यान चाले आणि श्रोता बहुधा मी. "मातीतलं नत्र न् स्फुरद पाण्यात उतरते, त्याच्यावर बारीक शेवाळ वाढते, शेवाळावर बारीक किडे जगतात आन् किड्यायवर मासे. पंगत हाये ही, साडूभाऊ! आपण फक्त वाढायचं." त्यांच्या म्हणण्यात चूक काहीच नव्हती, हीच खरी अडचण. वाढप्याच्या उत्साहानं ते तळ्यात शेण टाकत, स्फुरदासाठी सुपर फॉस्फेट टाकत. पाणी हिरवट झालं तशी त्यांची छाती फुगली. ताईंनी एकदा सहज विचारलं, "अवं, आपल्या शेतातली माती तपासली का तुमी?"

"तीस वर्षं मातीच पाह्यली मी. तू वरणात मीठ मोजून टाकते काय?"

"चाखून तं पाहते," ताई म्हणाल्या. साडूंनी विषय बदलला.

श्रावणात आम्ही त्यांच्याकडे मुक्कामाला होतो. आठवडाभर ऊन नव्हतं. पावसानं वरच्या शेतातली माती तळ्यात उतरली होती आणि पाणी आता हिरवट नव्हे, दाराला द्यायच्या ऑइलपेंटसारखं झालं होतं. एका पहाटे साडूंनी मला ओढतच काठावर नेलं. शेकडो मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत होते.

"पाहा! मले ओळखून राह्यले!"

मागून आलेल्या ताईंनी एक नजर टाकली. "ओळखून नाई राह्यले, मरून राह्यले! तोंडं पाहा त्यायची, श्वास पुरून नाई राह्यला."

साडूंचा चेहरा मातीपेक्षा काळा पडला. शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं आणि अंधारात तोच खाऊन टाकतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. फक्त ते स्वतःच्या तळ्यातही घडतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. मोटर लावायला गेलो तर वीज नव्हती. मग ताईंनी पदर खोचला आणि बादलीनं पाणी उपसून उंचावरून परत सोडायला लागल्या, मी बांबूनं पाणी झोडपत होतो. शेजारचे महादेवराव डिझेल इंजिन घेऊन धावत आले. आणि साडू, ज्यांनी आयुष्यात मासा शिवला नव्हता, ते छातीइतक्या पाण्यात उभे राहून दोन्ही हातांनी मासे उचलत होते, इंजिनाच्या धारेखाली नेऊन सोडत होते, "जाय बाप्पा, जाय," म्हणत. दुपार होईस्तोवर अर्धे मासे वाचले. उरलेले आम्ही बांधावर पुरले. साडू दिवसभर जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अखेर माती तपासायला दिली. अहवालात स्फुरद गरजेच्या कितीतरी पट निघालं. वर्षानुवर्षं कापसाला टाकलेलं खत त्या काळ्या मातीत साठून राहिलं होतं, आणि यांनी वरून आणखी वाढलं होतं. तो कागद त्यांनी दोनदा वाचला. मग म्हणाले, "साडूभाऊ, प्रयोगशाळेत घाईघाईत मी कित्येक शेतकऱ्यायच्या कागदांवर आकडे न पाहता एकच शिफारस लिवली. सगळ्यायले एकच खत. लोकायनं ते टाकलं न् वर्षानुवर्षं टाकत राह्यले."



त्यानंतर साडू फावडं आणि पिशव्या घेऊन बांधोबांध फिरू लागले. कुणी बोलावत नसे. ते मात्र नमुने नेत, तपासून आणत आणि कागद वाचून दाखवत. "स्फुरद भरपूर हाये, यंदा टाकू नका." लोक हसत, पण चहा पाजत. शेवटचा त्यांच्यासोबत गेलो तेव्हा महादेवरावांच्या शेतात होतो. महादेवरावांनी कागद नीट ऐकून घेतला, मग त्याच शिफारशीचं खत खाऊन खुरटलेल्या आपल्या कापसाकडे पाहत, जराही न रागावता विचारलं, "साहेब, हे आंधी काहून नाई सांगतलं?"

  साडू वाकले, फावडं उचललं आणि हलकेच म्हणाले, "त्या तिकडच्या कोपऱ्यातली माती घेऊ काय, महादेवराव?"

महादेवराव पुढे झाले आणि त्यांच्यासाठी पिशवी उघडून धरली.